शिट्टी न वाजवणं

व्हॉलीबॉलचा फर्स्ट रेफ्री ज्या स्टँडवर उभा राहतो त्याची उंची उगाच मनाला येईल तशी ठेवत नाहीत, रेफ्रीची नजर नेटच्या वरच्या कडेपासून साधारण ५० सेंटिमीटर वर आली पाहिजे असं ठरलेलं आहे. पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४, म्हणजे तुमचे डोळे जमिनीपासून तीन मीटरच्या आसपास. तिथून खेळाडूंचे चेहरे फारसे दिसत नाहीत, दिसतात हात. पांढऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी वर येणारी मनगटं, ताणलेली बोटं, त्यांच्या मधून सुटणारा बॉल आणि दोन टोकांना लाल-पांढऱ्या अँटेना, म्हणजे बॉलची हद्द दाखवणाऱ्या उभ्या काठ्या. मी बरीच वर्षं शालेय आणि जिल्हा पातळीच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतोय, सांगली-सोलापूर पट्ट्यात, बहुतेक वेळा मातीच्या ग्राउंडवर, सकाळी फक्की मारून आखलेल्या रेषा दुपारपर्यंत निम्म्या पुसलेल्या. आणि या कामात सगळ्यात अवघड काय असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, शिट्टी न वाजवणं.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं कारण प्रेक्षकांना पंच दिसतो तोच मुळी शिट्टी वाजल्यावर. पण जरा बघा, क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही, म्हणजे त्याला प्रश्न विचारला जातो आणि मग तो उत्तर देतो. व्हॉलीबॉलमध्ये कुणी काही विचारत नाही. बॉल कुणाच्या हातात थांबत नाही, थांबला की तोच फॉल्ट. त्यामुळे रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतचा खेळ, सुरू झाली की प्रत्येक टचला पंचाच्या डोक्यात एक निकाल लागत असतो, हा टच बरोबर की चूक, नेटला लागलं का, मागच्या रांगेतल्या खेळाडूचा पाय स्मॅशची उडी मारताना नेटपासूनच्या तीन मीटरच्या रेषेवर होता का, बॉल अँटेनाच्या आतून गेला का. बॉल दहा वेळा इकडून तिकडे गेला तर तीसएक टच झाले, तीस निकाल झाले, त्यातले एकोणतीस "चालू द्या" असे, आणि ते एकोणतीस कुणाला ऐकूच येत नाहीत. लोक भांडतात ते शेवटच्या एकावरून. नवीन पोरं पंच परीक्षा पास होऊन येतात ना, त्यांची हाताची खूण चांगली असते, नियम तोंडपाठ असतात, पण शिट्टी ओठात आणि फुंकर तयार, काहीतरी वेगळं दिसलं की वाजवलीच. त्यांना थांबायला शिकवायला दोन सीझन जातात.

आणि मजा अशी की या खेळाचे नियमसुद्धा गेली पन्नास वर्षं हेच शिकत आलेत. १८९५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने हा खेळ काढला तेव्हा तो ज्यांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नव्हती अशा वयस्क व्यापारी मंडळींसाठी होता, नेट जेमतेम ६ फूट ६ इंच, आणि एका बाजूला किती जणांनी खेळायचं याला बंधन नाही. एका बाजूला जास्तीत जास्त तीन टच, सहा खेळाडू, रोटेशन म्हणजे ठरलेल्या क्रमाने जागा बदलणं, हे सगळं नंतर आलं. म्हणजे सुरुवातीच्या काळात खेळाला शिस्त लावायची होती म्हणून बंधनं वाढत गेली. मग खेळाडू उंच झाले, उडी वाढली, स्मॅशचा वेग वाढला, आणि बॉल जमिनीवर पडायला लागला तो इतक्या पटकन की रॅलीच होईना. तिथून नियमांनी दिशा बदलली. १९७६ पासून ब्लॉकला, म्हणजे समोरचा बॉल नेटवर अडवणाऱ्या हातांना, लागलेला टच तीनमध्ये मोजायचा नाही असं ठरलं, म्हणजे ब्लॉकला लागून बॉल आपल्याच बाजूला आला तरी पूर्ण तीन टच हातात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकनंतर समोरून आलेली सर्व्हिस नेटवरच ब्लॉक करायला बंदी आली. पुढे समोरून येणारा पहिला बॉल घेताना एकाच प्रयत्नात दोन ठिकाणी लागला तरी चालेल असं झालं, आधी कमरेच्या वरच्याच अंगाने खेळायचं होतं ते गुडघ्यापर्यंत आलं, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पायाने उचललेला बॉलसुद्धा चालतो. २००० नंतर सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली तरी खेळ चालू, आधी तिथे शिट्टी होती.

हे सगळे बदल एकत्र बघितले की कळतं, एकेक करून पंचाच्या शिट्ट्या काढून घेतल्यात. ज्याच्या हातून बॉल वाचतोय त्याला वाचवू द्या, असं नियमच म्हणायला लागला. मला हे मनापासून पटतं. जो पोरगा कोपऱ्यात झेप टाकून, छाती खरडून बॉल उचलतो, त्याच्या हाताला बॉल एकदा लागला की मनगट आणि खांदा असं दोनदा, हे बघत बसण्यात खेळाचं काय भलं आहे?

सगळंच त्या एका दिशेने गेलं असंही नाही. नेट टचचा नियम मध्ये इतका सैल केला होता की वरच्या पट्टीला लागलं किंवा समोरच्याला अडथळा झाला तरच फॉल्ट, खाली जाळीला कोपर घासलं तर सोडून द्यायचं. मग त्यावरून प्रत्येक ठिकाणी वाद, कुणाला अडथळा वाटतो, कुणाला नाही. २०१५ पासून परत घट्ट केला, बॉल खेळण्याच्या क्रियेत दोन अँटेनांच्या मध्ये नेटला कुठेही लागलं की फॉल्ट. मला हा बदल आवडला, कारण सैल नियमाचा त्रास खेळाडूला कमी आणि पंचाला जास्त होतो, आणि पंचाच्या त्रासाचा शेवटी भुर्दंड खेळाडूलाच बसतो.

पण शिट्ट्या कमी होत असताना एक मोठी गोष्ट उलट्या बाजूने झाली. १९९८ साली आंतरराष्ट्रीय फेडरेशनने रॅली पॉइंट आणला. त्याआधी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा, समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची, आम्ही त्याला सर्व्हिस चेंज म्हणायचो. सेट १५ चा असायचा पण कधी संपेल याचा नेम नसायचा, पंधरा-वीस सर्व्हिस चेंज होऊनसुद्धा फळ्यावर तोच स्कोअर. पाचव्या सेटला रॅली पॉइंट १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या सुमारास आला होता, नंतर तो सगळ्या सेटना लागला, सेट २५ चा आणि शेवटचा १५ चा. टीव्हीवाल्यांना मॅच किती वेळ चालेल याचा अंदाज हवा होता हे उघड आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण पंचाच्या बाजूने विचार करा. जुन्या पद्धतीत माझ्या एका चुकीच्या शिट्टीने बहुतेक वेळा सर्व्हिस जायची, आणि ती परत मिळवता यायची. आता प्रत्येक शिट्टी म्हणजे एक पॉइंट, तो फळ्यावर चढला की उतरत नाही. शिट्ट्या कमी झाल्या आणि महाग झाल्या.

शिट्टी किती महाग असू शकते याची सगळ्यात मोठी गोष्ट टोकियोची आहे. १९६४ साली व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला तो टोकियोत, आणि २३ ऑक्टोबरला जपान आणि सोव्हिएत युनियनच्या मुलींची मॅच म्हणजे अख्खा जपान टीव्हीसमोर, तिथल्या रेटिंगचा ६६.८ टक्के हा आकडा आजही सांगितला जातो. दाईमात्सु कोचच्या त्या मुली, गिरणीतल्या कामगार, रोलिंग रिसीव्ह म्हणजे लोळण घेऊन बॉल उचलून त्याच झोकात परत उभं राहायचं हे त्यांनी रात्री-रात्री घोटून बसवलेलं. तिसऱ्या सेटला गोल्ड मेडलचा पॉइंट येतो, जातो, परत येतो. आणि शेवटचा पॉइंट कसा मिळाला? सोव्हिएत खेळाडूचा हात नेटच्या पलीकडे आला, ओव्हर नेट, शिट्टी. स्मॅश बसला नाही, बॉल बाहेर गेला नाही, पंचाच्या शिट्टीने सोनं ठरलं. मी त्या पंचाचा विचार कितीदा केलाय. एवढं स्टेडियम, एवढा आवाज, आणि बोटं पट्टीच्या पलीकडे किती गेली हे बघायला त्याच्याकडे त्याचे दोन डोळे. त्याने दिसलं ते वाजवलं.

आणि पुढचं जास्त विचार करायला लावणारं आहे. टोकियोनंतर लगेच नियम बदलला, ब्लॉक करताना हात नेटपलीकडे न्यायला परवानगी मिळाली, फक्त समोरच्यांची अटॅक हिट होईपर्यंत पलीकडे बॉलला हात लावायचा नाही. आज आमच्या तालुक्यातला आठवीतला उंच पोरगासुद्धा ब्लॉकला हात पलीकडे वाकवतो आणि ते बरोबर समजलं जातं. याचा अर्थ टोकियोचा निर्णय चूक होता असं अजिबात नाही. त्या दिवशी पुस्तकात जे होतं ते त्याने लावलं. पंच उद्याच्या नियमाने मॅच खेळवू शकत नाही, हे मला त्या एका पॉइंटने जितकं पटवलं तितकं पंचांच्या कुठल्या शिबिराने नाही.

आता याची दुसरी बाजू. शिट्टी न वाजवणं म्हणजे सोडून देणं नव्हे, यात गल्लत झाली की काय होतं ते १९९२ च्या बार्सिलोनात दिसलं. अमेरिका-जपान पुरुषांची मॅच, अमेरिका १९८४ आणि १९८८ ची विजेती. जपान २-१ ने पुढे, चौथ्या सेटला १४-१३, मॅच पॉइंट. अमेरिकेचा बॉब सॅम्युएलसन पंचाशी वाद घालतो, त्याला आधीच एक यलो कार्ड मिळालेलं, पंच दुसऱ्यांदा कार्ड काढतो. नियम स्पष्ट, त्याच खेळाडूला दुसऱ्यांदा म्हणजे समोरच्याला पॉइंट, म्हणजे १५-१३, म्हणजे मॅच जपानची. पण पॉइंट दिलाच गेला नाही. खेळ पुढे चालू राहिला, अमेरिकेने तो सेट काढला, पाचवाही काढला, आनंदाने नाचले. जपानने प्रोटेस्ट केला आणि दुसऱ्या दिवशी निकाल फिरवून मॅच जपानला ३-१ दिली. सॅम्युएलसनला लहानपणच्या आजारामुळे डोक्यावर केस नव्हते, त्याच्यासोबत उभं राहायचं म्हणून अख्ख्या अमेरिकन टीमने टक्कल केलं आणि तसेच खेळून ब्राँझ घेऊन गेले. लोकांना टक्कल लक्षात राहिलं. मला आठवतो तो कार्ड काढल्यानंतरचा अर्धा मिनिट. कार्ड खिशातून निघालंय, आता त्याचा परिणाम द्यायलाच हवा, आणि तो परिणाम मॅच संपवणारा आहे, तिथे कुणालाही वाटेल की मॅच खेळूनच संपावी. ते वाटणं समजू शकतं मी. पण अशा वेळी दाखवलेली दया एका टीमवर केलेली मेहेरबानी नसते, दुसऱ्या टीमकडून घेतलेला पॉइंट असतो. आणि निकाल मॅचनंतर टेबलावर बदलला की दोन्ही टीमचं नुकसान होतं, जपानलाही तो विजय ग्राउंडवर साजरा करता आला नाहीच ना.

आता डबल, म्हणजे एकाच खेळाडूला बॉल लागोपाठ दोनदा लागणं. ज्या विषयावर मी तासभर बोलू शकतो तो हा. सेटर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्यासाठी बॉल उचलून देणारा, बॉल वर घेतो, दहा बोटं, अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ, आणि बॉल बाहेर पडतो तो गरगर फिरत. लगेच बाहेरून ओरडा, डबल डबल! समोरच्या टीमचा कोच उठून दोन बोटं दाखवतो. पण नियमाचं पुस्तक उघडा, फिरकीबद्दल त्यात अक्षर नाही. फॉल्ट काय आहे तर एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा बॉल मारणं किंवा बॉल त्याच्या अंगाला वेगवेगळ्या ठिकाणी एकापाठोपाठ एक लागणं. म्हणजे उजव्या हाताला आधी आणि डाव्याला नंतर असं झालं का, एवढाच प्रश्न. आणि तो प्रश्न बॉल हातात असतानाच सुटतो, सुटून गेल्यावर नाही. बॉल फिरला म्हणजे हात असमान लागले असतील अशी शंका घ्यायला जागा आहे, पण दोन्ही हात एकदम लागूनसुद्धा एका हाताचा जोर जास्त पडला तर बॉल फिरतोच, आणि दोन वेळा स्पष्ट लागूनही कधीकधी बॉल सरळ शांत जातो. म्हणून आम्हाला शिकवतात की बॉलमागे नजर पाठवू नका, हातावर ठेवा. सांगायला सोपं आहे. बॉल हलतो, रंगीत असतो, सगळं ग्राउंड त्याच्याकडे बघत असतं, आणि तुम्ही मात्र तो सुटून गेल्यावरसुद्धा पाव सेकंद मोकळ्या बोटांकडे बघत राहायचं. माझी नजर तिथे स्थिर व्हायला फार दिवस लागले. ती झाली की गंमत होते, तुम्हाला आवाजसुद्धा कळायला लागतो, चांगल्या सेटला जवळजवळ आवाज नसतो आणि डबलला टप-टप असा फुटका आवाज येतो. अर्थात आवाजावर शिट्टी मारायची नाही, पण डोळ्याला साक्ष मिळते.

आणि इथे मर्यादा कुठे ठेवायची? तालुका पातळीवर १४ वर्षांखालची मुलं असतात, कितीतरी गावांत वर्षातून दोन महिने नेट लागतं, सेटर म्हणून उभी केलेली मुलगी बोटांनी बॉल घ्यायला घाबरते कारण गेल्या मॅचला तिच्यावर चार डबल वाजलेत, म्हणून ती प्रत्येक बॉल अंडरहँड काढते. मग खेळ कसा शिकणार ती? दुसऱ्या बाजूला समोरच्या शाळेची मुलगी रोज सकाळी भिंतीवर शंभरेक सेट घालून आलीये, तिचा हात रेशमासारखा आहे, आणि मी तिकडचे कच्चे टच सोडले तर हिच्या मेहनतीला किंमत काय राहिली. नियम एकच आहे पण त्याची रेषा प्रत्येक पंच आपल्या डोक्यात आखतो. माझं एवढंच आहे की ती रेषा पहिल्या पाच पॉइंटमध्ये दोन्ही टीमला दिसली पाहिजे आणि मग शेवटपर्यंत हलता कामा नये, २४-२४ ला तर अजिबातच नाही. पंच कडक आहे की सैल हे पोरं पाच मिनिटांत ओळखतात आणि जुळवून घेतात. ते ज्याला जुळवून घेऊ शकत नाहीत तो म्हणजे मध्येच बदलणारा पंच.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या महिला व्हॉलीबॉलमध्ये २०२४ पासून हा विषयच संपवलाय, दुसऱ्या टचला डबल झाला तरी बॉल आपल्याच बाजूला राहत असेल तर खेळ चालू. कारण पटण्यासारखं आहे, पंचांमध्ये एकवाक्यता येत नाही, वाद फार होतात, खेळ थांबतो. आणि मी आत्ताच शिट्ट्या कमी झाल्या ते चांगलं झालं म्हणून सांगत होतो, तर मला हेही आवडायला पाहिजे. नाही आवडत. पहिल्या बॉलला सूट दिली तेव्हा जो अडचणीत आहे त्याला मदत केली, समोरून स्मॅश येतोय आणि तो वाचवतोय. सेटर अडचणीत असतोच असं नाही, बऱ्याचदा बॉल त्याच्याकडे सावकाश येतो आणि त्याचं कामच स्वच्छ हात लावणं आहे. ती कला आहे, या खेळातली सगळ्यात नाजूक. तिला पकडणारी शिट्टी काढून घेतली तर चांगला हात आणि कसाबसा हात यात फरकच उरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात अजून दुसऱ्या टचचा डबल आहे आणि तो राहावा असं मला वाटतं. वाद होतील, होऊ देत.

जिथे मी शिट्टीसाठी एक क्षणही थांबत नाही ती जागा म्हणजे नेटच्या खाली. सेंटर लाइन. नियमाने पाय पलीकडे गेला तरी त्याचा काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या वर असेल तर चालतं, पूर्ण पलीकडे गेला की फॉल्ट. हे बघणं मुख्यतः सेकंड रेफ्रीचं काम, तो समोरच्या खांबाजवळ जमिनीवर उभा असतो आणि बॉल जाईल तसा ब्लॉक करणाऱ्या बाजूला सरकत राहतो, बॉलकडे पाठ फिरवल्यासारखी नजर खाली. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा इथेच, ब्लॉकवाला खाली येतो तो समोरच्याच्या पायावर. एक पोरगा असा खाली आलेला मी अगदी जवळून बघितलाय, मी तेव्हा खाली सेकंडला होतो. आवाज आला आणि तो उठलाच नाही, बसल्या जागी बूट काढायला लागला, लेस सुटेना, दुसऱ्या पोराने दाताने सोडली. सूज डोळ्यासमोर चढत होती. त्याच्या वडिलांनी त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेला. तेव्हापासून कुणी मला म्हणालं की सर एवढा पाय गेला तर काय झालं, की मी ऐकूनही घेत नाही.

लाइन जजबद्दल लिहायलाच पाहिजे कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. कोपऱ्यावर उभे, हातात ४० बाय ४० सेंटिमीटरचा झेंडा. खाली म्हणजे आत, वर म्हणजे बाहेर, वर धरून टोकाला तळहात लावला म्हणजे टच, बॉल बाहेर जाण्याआधी खेळाडूला लागला. आणि एक खूण अशी आहे की मला त्या खुणेसाठी या खेळाबद्दल आदर वाटतो, दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, म्हणजे मला दिसलं नाही. नियमाच्या पुस्तकात न दिसण्यासाठी अधिकृत खूण आहे, चित्रासकट. शालेय स्पर्धेला लाइन जज म्हणून दुसऱ्या शाळेची पोरं उभी करतो आम्ही, नववी-दहावीची, त्यांना मी मॅचच्या आधी ही खूण सगळ्यात आधी करून दाखवतो. कारण त्यांना वाटतं झेंडा दिलाय म्हणजे काहीतरी दाखवलंच पाहिजे. समोर ब्लॉकवाला आडवा आला, बॉल कुठे टेकला दिसलं नाही, तर पोरगं घाबरून अंदाजाने झेंडा खाली करतं आणि मग त्या खोट्या खात्रीवर पॉइंट जातो. हात आडवे धर, मी बघून घेतो, असं सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. मलाही नाही दिसलं तर? तर सेकंडकडे बघायचं, तिथेही नाही तर रॅली परत. दोन अंगठे वर. यात कमीपणा काही नाही.

वरच्या पातळीवर आता न दिसण्याचा प्रश्न बराच सुटलाय. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हिडिओ चॅलेंज आलं, म्हणजे टीमने पंचाचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासायला मागायचा, कॅमेरे दाखवतात बॉल रेषेला लागला का, बोटाला घासला का, नेट हललं ते कुणामुळे. बॉल टेकून दबतो तेव्हा त्या पूर्ण वेळात कधीही त्याचा काही भाग रेषेला लागला तरी आत, हे बारीक नियमही त्यामुळेच लिहावे लागले. मी याच्या पूर्ण बाजूने आहे. पंचाचा मान बरोबर निर्णयात आहे, त्याचाच निर्णय राहण्यात नाही. तरी एक लक्षात घ्या, कॅमेरा रेषा, टच, नेट, पाय हे सगळं सांगतो, पण सेटरच्या हाताचा निकाल बहुतेक ठिकाणी अजून पंचाच्या डोळ्यावरच ठेवलाय. आणि आमच्या ग्राउंडवर कॅमेरा म्हणजे कुणाच्या तरी काकांचा मोबाईल, तो मॅच हरल्यावर माझ्यासमोर धरला जातो, झूम करून.

तिथे दुसरं एक चॅलेंज चालतं आणि ते फुकट आहे. एका जिल्हा स्पर्धेत मुलींच्या मॅचला, पाचवा सेट नव्हता तेव्हा पण तिसरा निर्णायक होता, स्मॅश ब्लॉकच्या वरून मागे लांब बाहेर पडला. मला टच दिसला नाही, लाइनच्या पोराने झेंडा वर केला, मी बाहेर दाखवायला हात उचलतच होतो. ब्लॉकच्या मुलीने, लांब वेणी, उजव्या हाताच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी, स्वतःच्या त्याच बोटांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. माझ्या बोटाला लागलं सर. तिच्या कोचने कपाळावर हात मारला. तिच्या कॅप्टनने मात्र तिच्या पाठीवर थाप दिली, दिसली मला ती. मी पॉइंट समोरच्यांना दिला. आता यात लक्षात घ्यायचं ते हे की शालेय स्पर्धेत ठरावीक पातळीपर्यंत पोचलं की दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, पुढे राज्य-राष्ट्रीय पातळीवर गेलं तर नोकरीतल्या खेळाडू आरक्षणापर्यंत गोष्ट जाते. तो पॉइंट नुसता पॉइंट नव्हता आणि तिला ते माहीत होतं. आंतरराष्ट्रीय फेडरेशनने २०२३ च्या नेशन्स लीगपासून अशासाठी ग्रीन कार्ड सुरू केलंय, चॅलेंज होण्याआधी खेळाडूने टच स्वतःहून कबूल केला तर पंच हिरवं कार्ड दाखवतो. यलो आणि रेड कार्ड आमच्या खिशात कायम असतात, हिरवं आमच्यापर्यंत अजून आलेलं नाही. मी त्या दिवशी मॅचनंतर तिला बोलावून शाब्बास म्हणालो आणि तेवढंच करू शकलो. असं कार्ड शालेय स्पर्धेत आधी यायला हवं होतं, मोठ्यांच्या आधी. कबूल करायची सवय लागते ती याच वयात, आणि मोडते तीही याच वयात, बाहेर उभा असलेला एखादा मोठा माणूस "गप्प बसायचं होतं की" म्हणाला की झालं.

आता २०२५ पासूनच्या नवीन नियमात अजून एक शिट्टी गेलीये. आतापर्यंत सर्व्हिसच्या क्षणी दोन्ही टीमने आपापल्या रोटेशनच्या जागी असायला लागायचं, आता सर्व्हिस करणाऱ्या टीमला ती अट नाही, कुणी कुठेही उभं राहा, फक्त सर्व्हिसचा नंबर चुकवू नका. रिसीव्ह करणाऱ्यांना मात्र अट कायम. स्टँडवरून सर्व्हिसवाल्या टीमच्या पोझिशन बघणं हे फर्स्टचं काम होतं, खरं सांगायचं तर सर्व्हरचा पाय, सर्व्हिससाठीचे आठ सेकंद, आणि पाच जणांच्या जागा हे सगळं एकदम बघताना काहीतरी सुटायचंच. आता ती नजर मोकळी झाली. रिसीव्हवाल्या सहा जणांच्या पायांवर सेकंड आहेच. आमच्याकडच्या कोच लोकांपर्यंत हे अजून नीट पोचलेलं नाही, मागच्या स्पर्धेत एका सरांनी समोरच्या टीमची पोझिशन चुकली म्हणून कॅप्टनला माझ्याकडे पाठवलं, त्या पोराने रीतसर हात वर करून विचारलं, मी त्याला नियम सांगितला, त्याने जाऊन सरांना सांगितला, सरांनी परत पाठवला. दुसऱ्यांदाही मी तेच सांगितलं. कॅप्टनने विचारलं की समजावून सांगायचं हे पंचाचं काम आहे, तेही पुस्तकातच आहे, आणि ते पोरगं दुसऱ्या फेरीतसुद्धा तितक्याच अदबीने आलं होतं. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या क्रीडा शिक्षकांची मीटिंग आहे, त्यात अर्धा तास मागून घेतलाय मी, एवढे नवीन नियम आणि लाइन जजच्या पाच खुणा, झेंडे घेऊन जाणार आहे.